शेजारच्या पानाचं श्रेय

मला माणसांचा राग चटकन येतो. लायब्ररीतली नोकरी मी बहुतेक त्यामुळेच धरली असावी. मी मूळची अकोल्याची. नवऱ्याला ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात काम मिळालं, आम्ही चेन्नईला आलो, आणि सिरुसेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेत मी ग्रंथपालांची मदतनीस म्हणून लागले. माझी बी.एस्सी. फिजिक्समधली, पण ते ज्ञान लग्नाच्या रुखवतासारखं होतं. एकदा मांडलं आणि मग कोणी पाहिलं नाही.

हल्ली लायब्ररीत पुस्तक मागायला फारसं कोणी येत नाही. आकडे मागायला येतात. शास्त्रज्ञाने पेपर लिहिला, तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडला, की तो दुसरा आपल्या पेपरच्या शेवटच्या यादीत पहिल्याचा उल्लेख करतो. याला सायटेशन म्हणतात. कोणाच्या पेपरला किती सायटेशन मिळाली यावर त्याची किंमत ठरते. बढतीची वेळ आली की आस्थापना विभागाकडून लायब्ररीला पत्र येतं, अमुक यांचा सायटेशन रिपोर्ट तयार करून बंद पाकिटात पाठवावा. गेली काही वर्षं हे रिपोर्ट मीच करते.

हे काम कसं करायचं हे मी माझं मी ठरवलं होतं. बाकीचे लोक सायटेशन मोजणाऱ्या परदेशी ऑनलाइन सूचीतून आकडा उचलतात आणि छापतात. मी एकेक पेपर उघडते, आणि आपल्या माणसाचा उल्लेख नेमका कोणत्या वाक्यात आलाय ते बघते. लोक काय काय करतात ते अशाने कळतं. आमच्याकडच्या एका तरुण तुर्काची निम्मी सायटेशन त्याची स्वतःचीच निघाली होती, म्हणजे स्वतःच्या पेपरात स्वतःचीच आरती. मी ती सगळी उडवली. तो तावातावाने काउंटरवर आला आणि माझ्यामुळे त्याचं नुकसान होतंय म्हणाला. मी त्याला फॉर्ममधला रकाना दाखवला, 'स्वतःची सायटेशन वगळून'. त्यानंतर कॅम्पसमध्ये माझं नाव जरा वाईट झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

अक्कांची आणि माझी ओळख माझ्या भांडणातूनच झाली. मी फोनवर गॅसवाल्यांच्या ऑफिसातल्या माणसाला आधी इंग्रजीत, मग मोडक्या तमिळमध्ये आणि शेवटी अनावर होऊन मराठीत झापत होते. फोन ठेवला तर समोर एक उंच, सावळ्या बाई उभ्या. केसात मोगऱ्याचा गजरा, खांद्याला कापडी पिशवी.

"तुम्ही मराठी काय?" त्या म्हणाल्या. "बोलणं ऐकट्लं म्हणून पुसते."

मला हसू आलं. असं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं, वर चाल सगळी तमिळची. त्या तंजावरकडच्या मराठी. किती पिढ्यांपूर्वी त्यांचे लोक खाली आले हे त्यांनाही धड सांगता येत नव्हतं. घरात हीच भाषा बोलायचे, आता घरात बोलायला कोणी उरलं नाही, मुलगी परदेशात आणि ती इंग्रजीच बोलते. म्हणून त्या दुपारच्या जेवणाला डबा घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. आधी मी त्यांना मॅडम म्हणायचे. पुढे अक्का म्हणायला लागले, आणि त्या मला 'अगे' म्हणायला लागल्या.

अक्का मेटासरफेसवर काम करायच्या. त्यांनी मला ते डब्याच्या झाकणावर भाताची शितं मांडून समजावलं होतं. काचेच्या पातळ तुकड्यावर सिलिकॉनचे खांब उभे करायचे, इतके बारीक की प्रकाशाच्या एका लाटेतही मावतील. कुठे जाड खांब, कुठे बारीक. जाड खांबात प्रकाश जास्त रेंगाळतो, बारकात कमी. ते नीट मांडले तर सपाट काच भिंगाचं काम करते, फुगीर भिंग लागतच नाही. जगभर या विषयावर लोक तुटून पडलेत. रोज नवे पेपर येतात, एकापेक्षा एक रंगीत चित्रांचे.

अक्कांच्या पेपरांत रंगीत चित्रं नसायची. त्यांचा प्रश्न वेगळा होता. हे खांब प्रयोगशाळेत झोकात उभे राहतात, पण आमच्या या दमट, खाऱ्या हवेत आणले की एकमेकांवर कलतात, चिकटतात, पडतात. ते का पडतात आणि पडू नयेत म्हणून काय करावं, हे त्या वर्षानुवर्षं शोधत होत्या. यावरचा त्यांचा मुख्य पेपर बऱ्याच वर्षांपूर्वी एका चांगल्या मासिकात आला होता.

त्या असोसिएट प्रोफेसर होत्या. प्रोफेसरपदासाठी दोनदा मुलाखत झाली होती आणि दोन्ही वेळा 'कामाचा प्रभाव पुरेसा दिसत नाही' असा शेरा आला होता. आता निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, म्हणजे ही तिसरी आणि शेवटची वेळ.

"पगार म्हणून नाही गे," त्या एकदा दही-भात कालवताना म्हणाल्या. "त्यात आता काय पडणार? पण प्रोफेसर करतात म्हणजे पाच जण बसून तुझं काम बघतात. बघून म्हणतात, होय, हे काम आहे. एवढं एकदा व्हावं असं वाटतं."

आस्थापना विभागाचं पत्र त्याच आठवड्यात आलं.

मी रिपोर्टला बसले. सूचीतला आकडा बघून आधी मी खूश झाले. खांबांच्या त्या जुन्या पेपरला गेल्या दोन-तीन वर्षांत भरभरून सायटेशन मिळाली होती. अक्का स्वतः कधी आपला आकडा बघत नसत. बघितला की आठवडाभर जीव खाली-वर होतो म्हणायच्या. मला वाटलं, चला, जगाला उशिरा का होईना जाग आली.

मग माझ्या पद्धतीप्रमाणे एकेक पेपर उघडायला घेतला. पहिल्यात लिहिलं होतं, 'सर्व रंगांना एकाच बिंदूवर आणणारं सपाट भिंग यापूर्वी बनवण्यात आलं आहे', आणि पुढे अक्कांच्या पेपरचा क्रमांक. मी बुचकळ्यात पडले. अक्कांनी असलं भिंग कधी बनवलंच नव्हतं. दुसरा उघडला, तेच. तिसरा, चौथा, तेच. वाक्यसुद्धा जवळपास सारखं.

छडा लावायला मला दोन दिवस लागले. अक्कांचा पेपर ज्या अंकात आला होता, त्याच अंकात त्याच्या अगदी आधीच्या पानांवर एका बड्या परदेशी गटाचा पेपर होता. सगळ्या रंगांचं भिंग त्यांचं. पुढे कोणीतरी या विषयाचा मोठा आढावा घेणारा रिव्ह्यू पेपर लिहिला. त्याच्या यादीत नाव त्या गटाचं, अंक बरोबर, पण पानाचा आकडा चुकून अक्कांच्या पेपरचा पडला. सूची बनवणारी यंत्रणा नावापेक्षा आकड्यावर विसंबते. तिने ते सायटेशन अक्कांच्या खात्यात टाकलं. एवढ्यावर थांबलं असतं तर एक चूक झाली असती. पण नंतर जो तो रिव्ह्यू पेपरमधली ती ओळ उचलून आपल्या यादीत टाकत गेला. कोणीही मूळ पेपर उघडला नव्हता. उघडला असता तर पहिल्याच पानावर पडलेल्या खांबांचा काळा-पांढरा फोटो दिसला असता.

माझं डोकं फिरलं. जगातल्या नावाजलेल्या प्रयोगशाळांतली ही माणसं, पीएच.डी. झालेली, आणि शाळेतल्या पोरांसारखी एकमेकांच्या वहीतून उतरवतात. मी लायब्ररीतल्या दुसऱ्या बाईंना, त्या तमिळ आहेत, तावातावाने हे सांगितलं. त्या म्हणाल्या, इतकं मनाला लावून घेऊ नका, आपण फक्त मोजायचं.

खरी मोजदाद केली तर त्या पेपरला उरणारी सायटेशन हाताच्या बोटांवर मावली नसती, पण फार पुढेही गेली नसती. अक्कांच्या सगळ्या पेपरांची बेरीज मागच्या दोन मुलाखतींच्या वेळेपेक्षा जेमतेम वर होती. मागे जो शेरा आला तोच पुन्हा येणार हे दिसत होतं.

फॉर्ममध्ये दोन रकाने असतात. एकूण सायटेशन, आणि स्वतःची वगळून. 'चुकून मिळालेली वगळून' असा तिसरा रकाना नाही. तरुण तुर्काच्या वेळी मी रकान्यावर बोट ठेवून नियम शिकवला होता, आता त्याच रकान्यांच्या आड लपले. सूचीतला आकडा जसाच्या तसा टाइप केला, सही केली, पाकीट बंद केलं. मला चांगलंच वाटत होतं. दोनदा डावललेल्या बाईला जगाच्या आळशीपणामुळे काही मिळत असेल तर मिळू दे, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना अक्कांनी विचारलं, "अगे, आकडा बरा आहे काय? नको, आकडा सांगू नको. बरा की नाही तेवढं सांग."

"बरा आहे," मी म्हणाले. "खूप बरा आहे."

त्या नुसत्या हसल्या आणि डब्यातलं चिंचगूळ घातलेलं आंबट वरण अर्धं माझ्या ताटलीत वाढलं. मुलाखतीला कोणती साडी नेसावी यावर आम्ही पुढचा अर्धा तास बोललो.

मुलाखत सकाळी होती. त्या दुपारी आल्या, पण डब्याच्या वेळेला नाही, साडेतीनला. मोरपंखी कांजीवरम, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं. ते त्यांनी सगळं पिऊन टाकलं.

"बाहेरून आलेले एक मोठे तज्ज्ञ होते," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यांनीच सुरू केलं. म्हणाले, मॅडम, तुमच्या त्या पेपरने आमच्या क्षेत्राला वळण दिलं. आम्ही सगळे त्याच्यावर उभे आहोत."

मी खाली बघत होते.

"मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वाचट्लं कोणीतरी. खांबांचं माझं काम कोणीतरी वाचट्लं. डोळ्यांत पाणीच आलं बघ, सगळ्यांच्या समोर. मी रुमाल काढट्लं. आणि मग ते म्हणाले, सगळे रंग एका बिंदूवर आणणं ही काय साधी गोष्ट आहे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, ते माझं नाही. ते माझ्या शेजारच्या पानांवरचं आहे. मग त्यांनी तुझा रिपोर्ट उघडून बघितला, यादी बघितली. मग कोणाला काय पुसावं कळेना. एकाने निवृत्तीनंतर काय करणार म्हणून पुसलं. दहा मिनिटांत संपलं."

मग त्यांनी विचारलं, "तुला हे माहीत होतं काय?"

खोटं बोलता आलं असतं. त्या कुठे तपासणार होत्या? पण त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या.

"होतं," मी म्हणाले. "मला वाटलं, तुमचं भलं होईल."

"भलं," त्या म्हणाल्या. मला वाटलं त्या आता बोलतील मला, आणि बोलाव्यात असंच वाटत होतं. पण त्यांनी फाइल नीट केली. "तू लिहिलं असतंस, की एवढी माझी आणि एवढी माझी नाहीत, तर त्यांनी निदान माझी कोणती ते पुसलं असतं. थोडी तर थोडी, त्यावर बोलणं झालं असतं."

हे मला सुचलंच नव्हतं. आकडा मोठा की छोटा, यापलीकडे माझी उडी गेली नव्हती. एका क्षणात मला माझी लाज वाटली, आणि ती आजही वाटते.

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"तू माझी सगळी सायटेशन वाचतेस. कोणी कुठे काय लिहिलंय ते. माझा पेपर वाचट्लंस काय कधी?"

"नाही," मी म्हणाले.

"सरि, बरं," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

त्या दिवशी संध्याकाळी मी पेपरची प्रिंट काढली. आठ पानं. बसमध्ये वाचायला घेतली तर पहिला परिच्छेदच डोक्यावरून गेला. दुसऱ्या दिवशी बी.एस्सी.ची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली. नवऱ्याने विचारलं, परीक्षा देतेस का? मी त्याच्यावर खेकसले. पुढचे काही दिवस घरचं आवरलं की जेवणाच्या टेबलावर मी ती पानं घेऊन बसायचे. समीकरणं सोडून दिली, पण बाकीचं हळूहळू उलगडत गेलं. पाणी सुकताना दोन खांबांना कसं ओढतं, मीठ कुठे साठतं, पातळ थर दिला की काय होतं. जिथे अडलं तिथे पेन्सिलने खूण केली. मध्ये अक्का जेवायला आल्या नाहीत. मीही वर त्यांच्या प्रयोगशाळेत गेले नाही.

दरम्यान मला आस्थापना विभागाकडून खुलासा मागणारं पत्र आलं. मी जे केलं ते दोन ओळींत लिहून दिलं, आणि सोबत दुरुस्त रिपोर्ट जोडला, चुकीची सायटेशन वेगळी काढून, कारणासकट. त्याचा आता उपयोग नव्हता. समितीचं काम संपलं होतं.

ऑर्डर निघाली ती सोमवारी. बढती मिळालेल्यांच्या यादीत तरुण तुर्क होता, अक्का नव्हत्या. लोक त्यांना भेटायला वर जायला लागले. ज्यांनी कधी त्यांच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं नसेल तेही चेहरे पाडून गेले. लायब्ररीतल्या दुसऱ्या बाई जाऊन आल्या, म्हणाल्या, बिचाऱ्या सगळ्यांना 'परवाइल्ल, परवाइल्ल' म्हणतायत, काही हरकत नाही म्हणून उलट लोकांचीच समजूत काढतायत.

मी चार वाजता गेले. त्या एकट्या होत्या, मायक्रोस्कोपवर कापडाचं आच्छादन घालत होत्या. मला बघून त्यांनी तेच हसू तयार केलं जे दिवसभर वापरलं असणार.

"परवाइल्ल गे," त्या म्हणाल्या. "ये, बस."

मी बसले. माफीचं एक वाक्य जिन्यात तयार केलं होतं, ते मला अचानक फार हलकं वाटलं. मी पिशवीतून पेपर काढला आणि टेबलावर ठेवला. पानं दुमडून, कडांना तेलाचे डाग लागून त्याची पार रया गेली होती.

"अक्का, मला तीन ठिकाणी अडलंय," मी म्हणाले. "पाचव्या पानावर तुम्ही लिहिलंय, नमुने समुद्रकिनाऱ्यावर एका उघड्या जागी तीन महिने ठेवले. ही जागा कुठली? आणि तीन महिने ते सांभाळले कोणी?"

त्यांनी आच्छादन तसंच अर्धवट ठेवलं. पेपर उचलला, पेन्सिलच्या खुणा बघितल्या, एक पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. दिवसभराचं ते हसू गेलं होतं.

"इथल्याच कोवलमला," त्या म्हणाल्या. "मासळी विकणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्या बर्फाच्या खोपटाच्या वळचणीला. दर शनिवारी बसने जायची मी. त्या बाई काचा मोजून ठेवायच्या, एकही हरवू दिली नाही." त्यांचे डोळे भरून आले होते, पण या वेळी त्यांनी रुमाल काढला नाही. "हे मला कोणी पुसट्लं नव्हतं गे. इतक्या वर्षांत कोणी नाही."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"दुसरं कुठे अडलंय?" त्या म्हणाल्या.